दप्तर कोणाच्या हाती?

महाराष्ट्रात सुमारे 28 हजार ग्रामपंचायती आहेत आणि त्यांतल्या निम्म्या गावांत सरपंचाची खुर्ची बाईसाठी राखीव असते. देशभरातल्या पंचायतींमध्ये निवडून आलेल्या बायका 14 लाखांहून जास्त आहेत. तरीही एसटीत, लग्नाच्या मांडवात, कुठंही हा विषय निघाला की लोक मला एकच वाक्य ऐकवतात, ‘‘कारभार तर नवराच बघतो ना?’’ मी सातारा जिल्ह्यात ग्रामसेविका म्हणून 1996 साली लागले आणि नोकरीची बहुतेक वर्षं माण आणि खटाव या दुष्काळी तालुक्यांत काढली. नवरा कारभार बघतो हे मी पाहिलं आहे. ज्या गावांत तो बघू शकला नाही, तीही पाहिली आहेत. दोन्हींतला फरक बाईच्या शिक्षणात नव्हता, की तिच्या तोंडाळपणातही नव्हता. पंचायतीचं दप्तर तिच्यासमोर उघडलं जात होतं की नाही, यात तो होता. हा लेख त्या दप्तराबद्दल आहे.

आरक्षण कसं आलं ते थोडक्यात सांगते. 73वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 रोजी लागू झाली आणि पंचायतींमधल्या किमान एक तृतीयांश जागा देशभर बायकांसाठी राखीव झाल्या. महाराष्ट्रानं त्याआधीच, 1990 मध्ये, 30 टक्के जागा ठेवल्या होत्या. 2011 पासून आपल्याकडं हे प्रमाण 50 टक्के आहे. पण कायद्याच्याही आधी काही गावांनी हे स्वतःहून करून दाखवलं होतं, आणि ते विसरलं जातं याचं मला वाईट वाटतं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीचं अधिवेशन 1986 मध्ये चांदवडला झालं, तिथं बायकांनी पंचायतीच्या निवडणुका लढवाव्यात असं ठरलं. त्यातून 1989 मध्ये जळगाव जिल्ह्यातल्या विटनेरला आणि यवतमाळच्या मेटीखेड्याला सगळ्या जागांवर बायका निवडून आल्या. त्याच सुमारास संघटनेनं ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली आणि शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीतला हिस्सा बायकोच्या नावावर करून दिला. सत्ता आणि सातबारा या दोन गोष्टी एकत्र जातात, हे त्या बायकांना आणि त्या संघटनेला तेव्हाच कळलं होतं.

आता सोडतीनं आरक्षण ठरतं. तालुक्याच्या ठिकाणी सभागृह भरलेलं असतं, काचेच्या बरणीत चिठ्ठ्या असतात आणि शाळेतलं एखादं पोर हात घालून चिठ्ठी काढतं. ‘सर्वसाधारण महिला’ असं वाचलं गेलं की त्या गावचे दोन-चार पुढारी बाहेर येऊन फोनाफोनी सुरू करतात. कोणाच्या घरात कोणती बाई आहे, तिचे कागद आहेत का, तिला तिसरं मूल कधी झालं, हे सगळं त्या दुपारीच निघतं. बाईला विचारायला संध्याकाळ उजाडते. उमेदवारीच्या अर्जावर सही करताना आपण कशासाठी उभ्या आहोत, सदस्य म्हणून की सरपंच म्हणून, हे माहीत नसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. निवडून आल्यावर गाव नवऱ्याला ‘सरपंच’ म्हणतं आणि सरपंचाला ‘वहिनी’.

अशाच पद्धतीनं आलेल्या एका सरपंचांबद्दल सांगते. माणमधलं छोटं गाव, 2005 च्या आसपासची गोष्ट. मी तिथं नुकतीच बदलून गेले होते. त्यांना सगळं गाव आक्का म्हणायचं, म्हणून मीही आक्काच म्हणू लागले. चौथी शिकलेल्या, वय पन्नाशीच्या पुढं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडलेली बाई. पुढंही उन्हाळा आला की रोजगार हमीच्या कामावर जायच्या. धाकटे दीर पॅनेलचे पुढारी, त्यांनीच त्यांना उभं केलेलं. पहिल्या मासिक सभेला दीर खुर्चीला खुर्ची लावून बसले. सभा सुरू झाली. मागील सभेचा वृत्तांत वाचून कायम करणे, जमाखर्चास मंजुरी देणे, आलेल्या टपालाचे वाचन असे विषय मी एकेक वाचत गेले. आक्का ऐकत होत्या, बोलत नव्हत्या.

शेवटचा विषय प्रत्येक सभेला ठरलेला असतो : ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. उपसरपंच म्हणाले, त्याखाली अर्धं पान मोकळं सोडा, खाली सगळ्यांच्या सह्या घेऊन ठेवा, पुढचं नंतर लिहू. तशी तिथली पद्धतच पडलेली होती. प्रोसिडिंग बुक फिरत फिरत आक्कांसमोर आलं. त्यांनी पेन हातात घेतलं आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

‘‘मॅडम, हितं काय यायचं हाय?’’

‘‘ऐनवेळचं, आक्का,’’ उपसरपंचच बोलले. ‘‘मागनं लिवत्यात.’’

‘‘मागनं म्हंजी कवा? सही तर आत्ता घेताय.’’

कोणी काही बोलेना. दिरांनी सांगितलं, ‘‘वहिनी, करा सही, नेहमीचं हाय ते.’’ आक्का म्हणाल्या, ‘‘मस्टरवर मोकळी वळ ठिवली की त्यात कुणाची नावं बसत्यात, ते म्या लई वर्सं बघितलंय. आदी रेघ मारा.’’

मी पट्टी घेऊन त्या मोकळ्या जागेवर आडवी-तिडवी रेघ मारली आणि खाली ‘कोरी जागा रद्द’ असं लिहिलं. मग आक्कांनी सही केली, सावकाश, एकेक अक्षर जुळवत. त्या अर्ध्या पानात काय यायचं होतं ते मला पुढं कळलं. स्टँडजवळचे पंचायतीचे दोन गाळे लिलावाशिवाय एका सदस्याच्या नात्यातल्या माणसाला भाड्यानं द्यायचे होते.

मी हे इतकं सविस्तर सांगते आहे, कारण यातच सगळं आलं. ऐनवेळचा विषय घ्यायचा की नाही, हे अध्यक्ष ठरवतो. कायद्यानं ती परवानगी सरपंचाची असते. गावातले बरेच वादग्रस्त ठराव याच दारानं आत येतात आणि त्या दाराची कडी आक्कांच्या हातात होती. त्यांना कलमं पाठ नव्हती. रोजगार हमीच्या हजेरीपटावर खोटी नावं कशी चढतात, हे त्यांनी मजूर म्हणून पाहिलं होतं, आणि ते ज्ञान पंचायतीत जसंच्या तसं उपयोगी पडलं. गरीब बाईला कारभारातलं काय कळणार, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. लबाडी कागदावर कशी होते, हे तिच्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? तिच्याच मजुरीवर ती झालेली असते.

पुढच्या महिन्यापासून दिरांची खुर्ची भिंतीला गेली. काही महिन्यांनी ते यायचेच बंद झाले. घरात त्यावरून काय झालं ते आक्कांनी मला कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्यानंतर आक्कांनी हात घातला तो टँकरच्या पाण्याला. त्या भागात फेब्रुवारी लागला की टँकर. टँकर यायचा आणि गावातल्या जुन्या विहिरीत ओतून जायचा. मग ज्याच्या घरात मनुष्यबळ, त्याचे पोहरे जास्त. खालच्या वस्तीतल्या बायका पोचेपर्यंत विहिरीत गाळ उरायचा. आपल्याकडं ग्रामसभेच्या आधी फक्त बायकांची सभा, म्हणजे महिला सभा, घ्यावी लागते. बऱ्याच गावांत ती कागदावरच होते, अंगणवाडीत चार-पाच सह्या घेतल्या की झाली. आक्कांनी दवंडी द्यायला लावली आणि सभा रात्री आठला, जेवणं उरकल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात ठेवली. दुपारची ग्रामसभा असते तेव्हा बाई एक तर शेतात असते, नाही तर पाण्यावर. रात्री मात्र व्हरांडा भरला. विषय एकच : टँकर कुठं ओतायचा. तासभर भांडणं झाली, वरच्या आळीच्या बायका एकीकडं, खालच्या वस्तीच्या दुसरीकडं. शेवटी ठरलं की ग्रामनिधीतून वस्तीवर दोन टाक्या बसवायच्या आणि टँकर तीन ठिकाणी रिकामा करायचा. ठराव पंचायत समितीकडं गेला. टँकरवाल्यानं कुरकुर केली. त्या उन्हाळ्यातच टाक्या बसल्या.

आक्कांच्या गावात मी जे पाहिलं, त्याचा ताळा मला पुढं एका संशोधनात मिळाला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डफ्लो यांनी पश्चिम बंगाल आणि राजस्थानातल्या पंचायतींचा अभ्यास करून तो 2004 मध्ये प्रसिद्ध केला. डफ्लो यांना पुढं 2019 मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रधानपद कोणत्या गावात राखीव होणार हे गावाच्या मर्जीवर नसतं, त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना नीट करता येते. त्यांना दिसलं की दोन्ही राज्यांत बाई प्रमुख असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त कामं केली. बायका सभेत ज्या मागण्या जास्त करत होत्या, तिकडं पैसा वळला. बंगालमधल्याच दुसऱ्या एका अभ्यासात, जो 2012 मध्ये आला, असं आढळलं की लागोपाठ दोन मुदती बाई प्रधान असलेल्या गावांत आईबाप मुलीसाठी मोठी स्वप्नं पाहू लागले आणि मुली शिक्षणात मुलांच्या बरोबरीनं आल्या. ‘दोन मुदती’ हे शब्द ध्यानात ठेवा, मी पुन्हा त्यांच्याकडं येणार आहे.

नवीन काळात दप्तर संगणकात गेलं आणि प्रश्न पुन्हा उभा राहिला. पूर्वी चेकवर सरपंच आणि ग्रामसेवक अशा दोघांच्या सह्या लागत. आता वित्त आयोगाचा पैसा ई-ग्रामस्वराज प्रणालीवरून जातो. ग्रामसेवक, ज्याला 2024 पासून ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, बिल तयार करतो आणि सरपंच ते मंजूर करते. मंजुरी म्हणजे डिजिटल सही. ती सही पेनड्राइव्हएवढ्या डोंगलमध्ये असते आणि मोबाइलवर ओटीपी येतो. तुमच्या गावात बाई सरपंच असेल तर दोनच प्रश्न विचारा : डोंगल कोणाच्या खिशात आहे, आणि ओटीपी कोणाच्या मोबाइलवर येतो? डोंगल संगणक परिचालकाच्या ड्रॉवरमध्ये आणि नोंदवलेला नंबर नवऱ्याचा असेल, तर त्या बाईच्या नावानं लाखो रुपये जात आहेत आणि तिला त्याची खबरही नाही. पुढं लेखापरीक्षणात वसुली निघाली की नोटीस मात्र तिच्याच नावानं येते. नवऱ्याचं नाव त्या कागदावर कुठंच नसतं. नोकरीत असताना मी प्रत्येक नव्या सरपंचबाईला पहिल्याच आठवड्यात हे सांगत असे, आणि बहुतेकींचे डोळे या एका वाक्यानं उघडत.

पैसा थोडा नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातल्या निधीत 60 टक्के रक्कम बंधित ठेवलेली होती, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायची, आणि उरलेली 40 टक्के अबंधित. शिवाय पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करणं बंधनकारक आहे. हे 10 टक्के वर्षानुवर्षं शिलाई मशीन आणि सतरंज्यांवर जातात. कशावर जावेत, हे महिला सभेनं ठरवायला हवं.

आता ज्या गोष्टीचा मला मनापासून राग येतो ती. बाई कारभार करू लागली की तिला काढायची धडपड सुरू होते. अविश्वास ठराव आता सोपा राहिलेला नाही. राखीव पदावरच्या बाईविरुद्ध तीन चतुर्थांश सदस्य लागतात. थेट जनतेतून निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं तो आणताच येत नाही, आणि सदस्यांनी मंजूर केला तरी ग्रामसभेत गुप्त मतदानानं त्यावर शिक्का पडावा लागतो. म्हणून लोक दुसरा रस्ता धरतात : अपात्रता. घरपट्टीची थकबाकी, शौचालय, जात पडताळणी, सप्टेंबर 2001 नंतरचं तिसरं मूल, आणि सगळ्यात जास्त चालणारं हत्यार म्हणजे सरकारी जागेवरचं अतिक्रमण. घर सासऱ्यानं चाळीस वर्षांपूर्वी गायरानात बांधलेलं असतं. सून तिथं नांदायला येते. तिला ना कोणी विचारलं, ना घर तिच्या नावावर आहे. पण कुटुंबातल्या माणसाच्या अतिक्रमणात राहणारा सदस्यही अपात्र ठरतो, असं सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात 2018 मध्ये म्हटलं. कायद्याचा हेतू चांगला आहे, गावच्या जमिनी वाचवायच्या आहेत. पण ज्या बाईला घरात वाटा मिळत नाही, तिच्या वाट्याला घराचा दोष तेवढा येतो.

जळगाव जिल्ह्यातल्या विचखेडे गावच्या महिला सरपंचांनाही असंच काढलं गेलं होतं. त्यांचं म्हणणं होतं की त्या नवरा-मुलांसह वेगळ्या भाड्याच्या घरात राहतात. खालपासून वरपर्यंत सगळीकडं निकाल विरोधात गेला, तरी त्या लढत राहिल्या. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यांची अपात्रता रद्द केली. एक बाई आपल्यावर सरपंच म्हणून बसली आहे आणि तिचे निर्णय आपल्याला मानावे लागणार, हेच गावकऱ्यांना पचलं नाही, असं न्यायालयानं निकालात स्पष्ट नोंदवलं. तो निकाल प्रत्येक गटविकास अधिकाऱ्यानं वाचावा असं मला वाटतं. दिल्लीपर्यंत जाण्याची ताकद किती सरपंचबाईंकडं असते? सरपंचाचं मानधन 2024 मध्ये दुप्पट झालं, तरी दोन हजारांपर्यंत लोकवस्तीच्या गावात ते महिना 6 हजार रुपये आहे.

आणि आता त्या दोन मुदती. बाईला दप्तर कळायला दोन वर्षं जातात. तिसऱ्या वर्षी ती कामं सुचवू लागते, चौथ्या वर्षी ती मंजूर होतात, पाचव्या वर्षी सोडत निघते आणि आरक्षण बदलतं. खुर्ची खुली झाली की ज्यांनी तिला उभं केलं होतं तेच तिला म्हणतात, झालं आता, घरी बसा. आक्कांचंही तेच झालं. खुल्या जागेवर पुन्हा उभं राहायला त्यांना कोणत्याच पॅनेलनं घेतलं नाही. तमिळनाडूत एकदा पडलेलं आरक्षण सलग दोन मुदती, म्हणजे दहा वर्षं, टिकतं. महाराष्ट्रानंही तसं करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. दहा वर्षांत एक बाई तयार होते, तिच्या मागं आणखी चार उभ्या राहतात आणि खुल्या जागेवर लढायची हिंमत येते. आरक्षण फिरतं ठेवल्यानं सगळ्या गावांना संधी मिळते हे खरं, पण पाच वर्षांची संधी शिकण्यातच संपते.

दरम्यान जे हातात आहे ते करता येतं. पुण्याची यशदा आणि पंचायत समित्या सरपंचांसाठी प्रशिक्षणं घेतात. तिथं बाईसोबत आलेल्या नवऱ्याला वर्गाबाहेर बसवलं की वर्गाचा रंगच बदलतो, हे मी पाहिलं आहे. महिला राजसत्ता आंदोलनासारख्या संघटना गेली पंचवीस वर्षं गावोगावच्या निवडून आलेल्या बायकांना एकमेकींशी जोडून देत आहेत. एकटी बाई कार्यालयात गेली तर तिला ‘साहेब मीटिंगमध्ये आहेत’ असं ऐकावं लागतं. दहा सरपंचबाया मिळून गेल्या की साहेब भेटतात.

कोल्हापूरच्या हेरवाड गावानं मे 2022 मध्ये विधवांच्या बांगड्या फोडण्याची, कुंकू पुसण्याची प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला आणि सरकारनं परिपत्रक काढून सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. पंचायत हे गटार आणि दिवाबत्तीचं ऑफिस आहे, असं समजणाऱ्यांनी हा ठराव आठवावा. गावच्या सभेत बोलायला बाई उभी राहिली की विषयही तिचे येतात.

तर वाचकांना माझं मागणं साधं आहे. वर्षात 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास तुमच्या गावात ग्रामसभा होते. त्याआधीची महिला सभा खरोखर झाली का, ते विचारा. घरातल्या बाईला तिथं पाठवा, आणि तेवढा वेळ चूल तुम्ही सांभाळा. पंचायतीच्या नमुना 8 मध्ये तुमच्या घराची नोंद असते, तीत नवऱ्यासोबत बायकोचं नाव लागलं आहे का ते बघा. नसेल तर अर्ज द्या. ठरावाखाली कोरी जागा दिसली तर तिथंच हरकत घ्या. आणि सरपंचबाईंकडं काम असेल, तर फोन त्यांनाच करा. त्यांच्या नवऱ्याला नको.